प्राध्यापक आंबेडकर आणि कायद्याचा जमाखर्च

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार त्यासाठी कित्येक दशकं भांडत होते. त्या भांडणात अस्मिता होतीच, पण मूळ मुद्दा हिशेबाचा होता. तोवर बांधाच्या वादात वरच्या कोर्टात जायचं तर कागदांची पिशवी घेऊन रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळायचं आणि पुढची तारीख घेऊन परतीची गाडी पकडायची. वकिलाची फी वेगळी, लॉजचं भाडं वेगळं, बुडालेला रोजगार वेगळा. दहा गुंठ्यांच्या वादाला एवढा खर्च झेपत नव्हता. मग ज्याची बाजू खरी तोही गप्प बसायचा, आणि ज्याच्या खिशाला खर्च झेपायचा त्याचाच हक्क चालायचा. कायदा दोघांना सारखा असला तरी तो वापरायला पडणारी किंमत सारखी नसते.

कायद्याकडे असं जमाखर्चाच्या नजरेनं पाहणारी अर्थशास्त्राची एक शाखा आहे. ‘कायदा आणि अर्थशास्त्र’ याच नावानं ती विद्यापीठांतून शिकवली जाते. तिची सुरुवात सहसा १९६० पासून धरतात. एका नियतकालिकाच्या त्या वर्षाच्या अंकात रोनाल्ड कोस या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाचा सामाजिक खर्चावरचा लेख आला, आणि पुढे १९९१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. कोसचं गाजलेलं उदाहरण आपल्या गावात रोज घडणारं आहे. एकाची जनावरं दुसऱ्याच्या पिकात शिरतात. आपल्याकडे यावर १८७१ चा कायदा आहे: जनावरं कोंडवाड्यात घाला, मालकानं दंड भरून सोडवून न्यावीत. कोस विचारतो, नुकसानभरपाईची जबाबदारी गुरांच्या मालकावर टाकली किंवा टाकली नाही, तर शेवटी फरक काय पडतो? दोघांना बसून बोलणं फुकट आणि सोपं असेल, तर कुंपण घालणं स्वस्त की पीक बदलणं स्वस्त, हे ते आपसात ठरवतील. कायदा कोणाच्याही बाजूनं असला तरी व्यवहार तिथेच येऊन थांबेल. फरक पडेल तो पैसे कोणाच्या खिशातून जातात एवढाच. पण बोलणं, करार करणं, तो पाळून घेणं याला खर्च पडतो, आणि खऱ्या जगात तो पडतोच. तिथे मात्र कायद्यानं हक्क आधी कोणाला दिला यावर बरंच काही ठरतं. बड्या शेतकऱ्याशी तडजोडीला बसायची ज्याची छातीच होत नाही, त्याच्यासाठी हा खर्च डोंगराएवढा असतो. कोसच्या लेखात जात हा घटक नाही. आपल्या गावात ती होती, आणि तडजोडीच्या खर्चात तिचा वाटा सर्वांत मोठा होता.

कोसच्या आधी चाळीसेक वर्षं मुंबईत एक तरुण अर्थशास्त्राचा प्राध्यापक असेच प्रश्न विचारत होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्र शिकवू लागले. पगार महिना ४५० रुपये. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला होता, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून यावं लागलं होतं, आणि बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेमुळे जे वाट्याला आलं ते सर्वश्रुत आहे. सिडनहॅममध्येही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये असा आग्रह धरणारे सहकारी निघाले. विद्यार्थ्यांनीही आधी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. नंतर दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली, असं चरित्रकार सांगतात. त्यांना या शाखेचे जनक म्हणण्याची मला घाई नाही. त्यांनी त्या नावाचं कोणतंही सूत्र मांडलेलं नाही. पण कायदा हा दुखणं आहे की औषध, हे आधी तपासून पाहायची त्यांची रीत आजच्या अभ्यासकालाही ओळखीची वाटेल.

त्याच १९१८ साली त्यांचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. विषय तेव्हा ऐरणीवर होता. मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग यांना जमिनीचे तुकडे थांबवणारा कायदा हवा होता. पुण्याच्या शेती कॉलेजातल्या हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून दाखवलं होतं की १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांचं असलेलं खातं १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलं. (आज त्या गावात फ्लॅट चौरस फुटांवर विकले जातात.) सरकारी आणि विद्वान मत जवळपास एक होतं: जमीन तुकड्यातुकड्यांत गेली, दोष वारसा कायद्याचा, तेव्हा कायदा करून ‘किफायतशीर’ खातं ठरवा, ते एकाच वारसाकडे ठेवा, बाकीच्यांना बाजूला करा.

आंबेडकरांनी या मताची पायरीपायरीनं उलटतपासणी केली. किफायतशीर खातं म्हणजे काय, तर कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन, अशी व्याख्या चालली होती. ते म्हणाले, हा खाणाऱ्याचा हिशेब झाला, पिकवणाऱ्याचा नव्हे. धंदा फायद्यात आहे का, हे जमीन, अवजारं, बैल आणि माणसं यांचं प्रमाण जमतं का यावरून ठरतं. विहीर असलेला एक एकर पुरेसा ठरू शकतो. बैलजोडी नसलेल्या माणसाला पाच एकरही जास्त. देशातल्या शेतकऱ्याकडचे नांगर-बैल मोजले, तर त्या भांडवलाच्या मानानं आहेत तीच शेतं लहान नसून मोठी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाचणारा क्षणभर चमकतो. पण गणित बरोबर आहे.

मग खरा रोग कोणता? शेतावर गरजेपेक्षा जास्त माणसं आहेत आणि त्यांना जायला दुसरी जागा नाही. म्हणून भाऊ भावापाशी अर्धा एकर मागतो. वारसा कायदा बदलून तुकडे थांबवले, तर धाकटा भाऊ शेतावरून उठेल, पण जाईल कुठे? त्याच बांधावर मजूर म्हणून उभा राहील. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करायला त्यांची हरकत नव्हती. खातं मोठं करण्याचा मार्ग मात्र त्यांच्या मते कारखान्यातून जात होता. उद्योग वाढले की जादा हात शेतावरून निघतील, आणि खाती आपोआप मोठी होतील. वयाच्या सत्ताविशीत सरकारी मत इतक्या थंडपणे खोडून काढणं ही साधी गोष्ट नव्हती.

सरकारनं अखेर कायदा केलाच. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आजही महाराष्ट्रात आहे. प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ती मर्यादा, अधूनमधून खाली आणत गेले, आणि २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत ते बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे झालं. दरम्यान तुकडे काही थांबले नाहीत. शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडतच राहिले. फक्त खरेदीखत होईना, म्हणून नोटरी, साठेखत, कुलमुखत्यारपत्र असे आडमार्ग निघाले. घेणाऱ्यानं पूर्ण पैसे मोजले, घर बांधलं, घरफाळा भरला, पण सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच. बँक कर्ज देत नाही, मालकाची पोरं पुढे वाद काढतात, आणि मग गुंठेवारी नियमित करण्याची योजना येते. गरज तशीच राहते आणि तिच्यावर धोक्याची किंमत चढते, हे कोल्हापूरच्या उपनगरांत फिरून कोणालाही दिसेल. ही किंमत भरतो तो मोठा बिल्डर नसतो. एक गुंठा घेणारा गवंडी, रिक्षावाला किंवा फौंड्री कामगार असतो.

निबंधातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं, म्हणजे कारखान्याच्या वाटेचं काय झालं, तेही याच जिल्ह्यात तपासता येतं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये सुरू झाला, कोल्हापुरात शाहू मिल १९०६ ची. पुढे हातकणंगले तालुका माग, सूत, सायझिंग यांनी भरला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं आणि फौंड्र्या आल्या. उसामागोमाग सहकारी साखर कारखाने आले. शेतावरचे जादा हात खरोखरच निघाले, इतके की आज मागावर परप्रांतातला कामगार उभा असतो. पण खाती मोठी झाली नाहीत. मागावर गेलेल्या भावानं आपला वीस गुंठ्यांचा हिस्सा सोडला नाही. तो ऊस लावतो, पाण्याची पाळी भावाला सांभाळायला सांगतो, तोडणी झाली की बिल वाटून घेतो. नोकरी कधीही जाईल, जमीन जाणार नाही, हा त्याचा विमा. इथे आंबेडकरांचं भाकीत अर्धंच उतरलं असं मला वाटतं. माणूस जमीन केवळ पिकासाठी धरत नाही, हे त्या निबंधाच्या हिशेबात नव्हतं.

आता त्याच वर्षातली दुसरी घटना, आणि तीही कोल्हापूरची. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानातली महार वतनं खालसा केली आणि त्या जमिनी रयतावा करून कसणाऱ्यांच्या नावावर दिल्या. कुलकर्णी वतनंही त्याच साली गेली आणि पगारी तलाठी आले. ‘वतन’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मान येतो. महार वतनात मान नावापुरता होता. गावची राखण, सरकारी टपाल, सारा पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला गवत घालणं, जे सांगतील ते. वेळ ठरलेली नाही. घरचा कर्ता गावाला गेला असेल तर त्याच्या बापानं किंवा पोरानं हजर व्हायचं. मोबदला तीन वाटांनी: थोडी इनाम जमीन, रयतेकडून सुगीला मिळणारं बलुतं, आणि सरकारकडून किरकोळ रोख. जमीन विकता येत नाही, पिढी वाढेल तसे तिचे हिस्से पडतात. बलुतं द्यायचं की नाही हे पाटील आणि रयतेच्या मर्जीवर. महार तोंड वर करून बोलला की खळ्यावरची पेंढी बंद.

अर्थशास्त्रात याला अपुरा करार म्हणता येईल. काम किती ते लिहिलेलं नाही, मजुरी किती ते लिहिलेलं नाही, आणि बाहेर पडायची वाट बंद. करारात जे लिहिलेलं नसतं ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हा कळीचा प्रश्न असतो. अशा करारांच्या सिद्धांतासाठी ऑलिव्हर हार्ट यांना २०१६ मध्ये नोबेल विभागून मिळालं. वतनात तो अधिकार संपूर्णपणे एका बाजूला होता. शिवाय ही व्यवस्था नुसत्या रूढीवर उभी नव्हती. ब्रिटिश मुलखात १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यानं तिला सरकारी शिक्का दिला होता. फुकटात राबणारा नोकर प्रत्येक गावात मिळत असेल तर कोणतं महसूल खातं तो सोडील?

शाहू महाराजांना हे करता आलं, कारण संस्थानात हुकूम काढायला कौन्सिलात बहुमत लागत नव्हतं. मार्च १९२० मध्ये आंबेडकरांनी सिडनहॅमची नोकरी सोडली, आणि त्याच महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला हातकणंगल्याजवळच्या माणगावात अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. महाराज स्वतः आले आणि हाच तुमचा पुढारी, असं त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला महाराजांची मदत आधीच झाली होती. माणगाव इचलकरंजीपासून जवळ आहे, तालुका एक. या परिषदेबद्दल बोलताना आपण सामाजिक बाजूच आळवतो. पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला माणूस नुकताच अर्थशास्त्राचा वर्ग संपवून आलेला होता, आणि ज्या भूमीवर परिषद भरली तिथे त्याच्या पुढच्या कायदेशीर लढाईचा प्रयोग दोन वर्षं आधी झालेला होता.

त्याच वर्षी जुलैमध्ये आंबेडकर लंडनला गेले. तिथे एकाच वेळी दोन वाटा: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. १९२२ मध्ये सनद, १९२३ मध्ये डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी पुस्तकरूपानं आला आणि त्याला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी मतभेद नोंदवून प्रस्तावना लिहिली. अर्थशास्त्रज्ञ केन्सनं ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती तिला आंबेडकरांचा विरोध होता. त्यांचा आक्षेप असा की चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडलं तर भाव वाढतात, आणि भाववाढीचा मार गरिबावर पडतो. म्हणून मर्यादा नियमानं बांधा. या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक निघाली असं सर्रास लिहिलं जातं. ते इतकं सरळ नाही. चलनाच्या प्रश्नावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, पण तशी साक्ष अनेकांनी दिली होती. मला त्यात लक्षात ठेवण्यासारखं वाटतं ते वेगळंच. मर्जी आली की दुबळ्याचं नुकसान ठरलेलं, हे त्यांना सरकारी टांकसाळीत दिसलं आणि गावच्या चावडीवरही.

परत आल्यावर वकिली, बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्याचं अध्यापन, मग शासकीय विधी महाविद्यालय. तिथे १९२८ मध्ये ते शिकवू लागले आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. अर्थशास्त्राचा प्राध्यापक कायद्याचा प्राध्यापक झाला, तरी हातातलं काम बदललं नाही.

मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. त्याची कलमं कराराच्या दुरुस्तीसारखी वाचता येतात. महाराची कामं कोणती, त्याची यादी करा. बलुतं धान्यात आणि मर्जीनं न देता रोख रकमेत ठरवा आणि साऱ्याबरोबर वसूल करा, म्हणजे मजुरी मागायला महाराला रयतेच्या दारात जावं लागणार नाही. आणि ज्याला ही चाकरी नको, त्यानं जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन ठेवावी आणि मोकळं व्हावं. म्हणजे बाहेर पडायची वाट. या शेवटच्या तरतुदीनंच खरी कळ उठली. महार निघून गेला तर गावकामाला पगारी नोकर ठेवावे लागतील, तो खर्च कोणी करायचा, असा सरकारी सूर होता. बिल समितीकडे गेलं, तिथे त्याचा चेहरामोहरा बदलला आणि १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतलं. महार समाजातही एकमत नव्हतं. कितीही हलकं असलं तरी वतन म्हणजे गावात हक्काची जागा, ती सोडायची कशी, असं म्हणणारे होते. १९३७ मध्ये ते पुन्हा विधानसभेत हा प्रश्न घेऊन उभे राहिले, आणि घाटाखालच्या कोकणातली खोती रद्द करण्याचं बिलही आणलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं.

तुकडेबंदीला विरोध आणि वतनबंदीचा आग्रह, या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की विसंगत वाटतात. एकीकडे कायदा नको, दुसरीकडे कायदाच हवा. पण धागा एकच आहे. जमिनीचे तुकडे माणसांच्या अडचणीतून पडत होते. कायद्यानं अडचण मिटत नव्हती, म्हणून तिथे कायदा फोल. वतनातली गुलामी कायद्यानंच बांधलेली होती. म्हणून ती गाठ कायद्यानंच सोडवावी लागणार. आधी कारण शोधायचं, मग हत्यार निवडायचं, एवढी साधी ही शिस्त. १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीनं कसावी आणि हे घटनेतच लिहावं असं सुचवलं, तेव्हा ती शिस्त ताणली गेली असं मला वाटतं. तिथे घटनेवर त्यांनी जितका भार टाकला, तितका १९१८ च्या प्राध्यापकानं टाकला नसता. अर्थात मधल्या तीस वर्षांत त्यांनी कौन्सिलं, कमिट्या आणि बड्या जमीनदारांचे वकील जवळून पाहिले होते.

ब्रिटिश मुलखातली कनिष्ठ गाव वतनं अखेर १९५८ च्या कायद्यानं रद्द झाली, शाहू महाराजांच्या हुकुमानंतर चाळीस वर्षांनी. आंबेडकर तेव्हा हयात नव्हते. त्या कायद्यानं जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत दिल्या, पण एक अट घालून: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय त्या विकता येणार नाहीत. धनदांडग्यांनी त्या कवडीमोलानं लुबाडू नयेत हा हेतू, आणि तो चुकीचा नव्हता. आज अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ आणि नवीन शर्तीचा शेरा असतो. वर्ग १ च्या शेजारच्या जमिनीपेक्षा तिला भाव कमी मिळतो. ती गहाण ठेवायला गेलं की बँक आधी परवानगीचा कागद मागते. वाटण्या होऊन खातेदार वाढलेले असतात, कोणी मुंबईला, कोणी पुण्याला. सगळ्यांच्या सह्या, वारसनोंदी, प्रांत कचेरी, नजराण्याचं चलन. परवानगी मिळवून देणारे मध्यस्थ असतात आणि त्यांचा दर ठरलेला असतो. काही ठिकाणी आधीच नोटरीवर व्यवहार होऊन जमीन दुसऱ्याच्याच ताब्यात गेलेली असते, आणि मूळ घरातल्या नातवाला ते कळतं ते सरकारी प्रकल्पाच्या भूसंपादनाची नोटीस जुन्या नावानं येते तेव्हा.